मामांची टॉवेल वाळवायची गाडी

या जगात आज जे जे नीट चाललं आहे ते ते उद्या सकाळपर्यंत बिघडणार आहे, या गोष्टीवर हिच्या मामांची जेवढी अढळ श्रद्धा होती, तेवढी देवळातल्या पुजाऱ्याचीही देवावर असलेली मी पाहिली नाही. 'ही' म्हणजे माझी बायको आणि मामा तिचे सख्खे मामा. नव्या पनवेलात आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि मामी राहत. मामांना आनंदात असलेलं मी कधी बघितलं नाही. ते कधी जास्त काळजीत असत आणि कधी कमी काळजीत, एवढाच फरक. कमी काळजीत असले की शीळ घालत, आणि ती शीळ इतकी रडवेली असे की समोरच्या बाई येऊन हळूच विचारत, "वर कुणाचं काही बरंवाईट झालंय का हो?" दिवाळीच्या पहाटे सगळी इमारत उटणं लावून, आंघोळी उरकून फराळाला बसलेली असताना मामा गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभे असत, कारण टाकीला तडा जायचा तर तो सणावारीच जातो असं त्यांचं निरीक्षण होतं. घरात त्यांनी फोन म्हणून घेतला नाही. "फोनवरून चांगली बातमी आल्याचं ऐकलंय का तुम्ही कधी, जावईबापू?" असं मला विचारून त्यांनी सगळ्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन टाकला. म्हणजे वाईट बातम्या आधी मी ऐकायच्या आणि मग जिना चढून त्यांना पोचवायच्या! आता बोला.

नोकरीभर मामा तळोज्याकडच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात होते. यंत्र बंद पडायच्या आधीच ते कुठे बंद पडणार हे हुडकायचं, हे त्यांचं काम, आणि आमच्या दुर्दैवानं हे काम ते घरीही घेऊन येत. फिरता पंखा उतरवून, आत बघून, पुन्हा चढवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका पावसाळ्यात त्यांनी छत्रीला पन्हाळ बसवली. छत्रीवरचं सगळं पाणी एकाच बाजूनं, नळीतून, शिस्तीत खाली जावं ही कल्पना. ते गेलं शिस्तीतच, पण शेजारून चालणाऱ्या माझ्या बुटात. मामांनी थांबून माझ्या बुटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तत्त्व चुकलेलं नाही. बाजू चुकली." टाकी भरली की वाजणारी घंटा त्यांनी इमारतीला करून दिली होती. ती टाकी भरल्यावर वाजे हे खरंच, पण एकदा वाजायला लागली की टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नसे. लोक जिन्यात येऊन भांडायला लागले की मामा हात मागे बांधून उभे राहत आणि तेच सांगत, तत्त्व चुकलेलं नाही. मला त्या वाक्याचा इतका वैताग यायचा की मी ते ऐकलं की घराचं दार लावून घेत असे. आता ते वाक्य म्हणणारं कुणी उरलं नाही, तर कधीकधी माझं मलाच ते म्हणावंसं वाटतं.

मामी अगदी उलट. हसऱ्या, बोलक्या, कुणाच्याही घरी जाऊन पोह्याची फोडणी देणाऱ्या. पण त्यांची छाती फार नाजूक होती. ओलसर कपडा अंगाला लागला की खोकला, आणि एकदा सुरू झाला की आठवडा आठवडा उशीला टेकून बसायचं. त्यात पनवेलची हवा! चार महिने इथे टॉवेल दोरीवर वाळत नाही, नुसता शिळा होतो. स्वतःच्या घरी मामा इस्त्रीनं टॉवेल कोरडा करून देत, पण परक्या घरी, लॉजवर कोण करणार? म्हणून मामींचं मुक्कामाला जाणंच बंद झालं होतं. त्याचं त्यांना तसं दुःख नव्हतं, एक बेळगाव सोडून. बेळगावला त्यांची थोरली बहीण होती. आई लहानपणीच गेलेली, या ताईनंच मामींना न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून वाढवलेलं. ताई आता थकल्या होत्या, अंथरुणाला होत्या. "एकदा तिला डोळ्यांनी बघून येते हो," मामी म्हणत, "मग जन्मभर मला कुठे नेऊ नका." हे त्या हसत हसत म्हणत, पण मामा मान खाली घालत.

निवृत्त झाल्यावर मामांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली. आम्हाला वाटलं, म्हातारा आता पोरं वाहणार. पण मामांनी आतली बाकं उपटली, एक पलंग बसवला, एक शेगडी बसवली, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी मोरी केली. त्या मोरीत, आडवा, एक तांब्याचा पाइप. इंजिनातलं गरम पाणी एका नळीनं मागे आणून त्या पाइपातून फिरवायचं आणि परत पुढे सोडायचं. पाइप तापणार, पाइपावर टॉवेल टाकायचा, टॉवेल तापणार, मामी बेळगावला जाणार. इतकं सरळ. कोन गावचा एक वेल्डर या कामावर होता. तो पाइपाला डाग देता देता म्हणाला, "मामा, यो पाइप गारी चालू हाय तवरच तापनार. उभी रायली का थंड. मंग रातभर काय गारी फिरवत बसाल?" मामा म्हणाले, "तत्त्व चुकलेलं नाही." वेल्डर म्हणाला, "नाय नाय, तत्त्वाला आमी कवा नाव ठेवलं?" आणि पोट धरून हसला.

झालं मात्र तसंच. टॉवेल वाळवायचा तर गाडी पळवावी लागे. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर पाइप जेमतेम कोमट होई, पण पुण्याच्या रस्त्यानं कोनपर्यंत जाऊन आलं की टॉवेल कसा पापडासारखा कडक. त्यामुळे रोज सकाळी मामांच्या त्या गाडीची चाचणीफेरी निघे. एक माणूस, एक मिनीबस आणि एक ओला टॉवेल. सेक्टरमधले लोक दूध घ्यायला निघालेले असत. "काय मामा, वाळत घालायला निघालात का?" असं कुणी ओरडलं की मामा गंभीरपणे हात हलवत. टॉवेलला डिझेलचा वास येई ते वेगळंच. मामींनी मात्र एका शब्दानं थट्टा केली नाही. त्या खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत असत आणि मग मला सांगत, "वेडे आहेत. पण बघा, नेतील मला."

एकदा मामा म्हणाले, "जावईबापू, धावत्या गाडीत आंघोळ होते की नाही हे बघायला हवं. वजन तुमचंच योग्य आहे." मी नाही म्हणायला हवं होतं, पण हिनं डोळे वटारले. कपाळ माझं! त्या कपाटात मी, बादली आणि साबण असे तिघे कसेबसे मावलो. गाडी निघाली तेव्हा बादलीत पाणी होतं; पनवेल मागे पडेपर्यंत ते सगळं माझ्या पायांवरून जाऊन आलं होतं. तोंडाला साबण लावून चाचपडत असताना कोनच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या, मामांनी करकचून ब्रेक मारला, आणि मी उघड्या पाठीनं त्या तापलेल्या पाइपावर जाऊन टेकलो. माझी बोंब म्हशींनीही ऐकली. मामा मागे आले, माझ्या पाठीवरचा लाल पट्टा त्यांनी चष्मा लावून तपासला आणि म्हणाले, "उत्तम तापतोय." दुसऱ्या दिवशी पाइपासमोर लाकडी पट्ट्या बसल्या. पाठ माझी भाजली, पण मामींची कधी भाजणार नाही याची व्यवस्था झाली. अशा रीतीनं गाडीत एक एक सुधारणा होत गेली. नळी गळे, पकड सैल होई, मोरीचं दार अडके, आणि मामा म्हणत, एवढं झालं की निघू. ताई तिकडे दिवसेंदिवस खंगत होत्या, आणि मामी त्यांच्यासाठी शेवाळी रंगाचा स्वेटर विणत होत्या.

भोगीच्या सकाळी आमच्याकडे फोन वाजला. ताईंच्या मुलाचा होता. मी वर जाऊन मामांना बोलावून आणलं. मामी तेव्हा बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या, त्यांना वाटलं कारखान्यातून कुणी असेल. मामांनी फोन कानाला लावला, "बरं. बरं. हो," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मग माझ्याकडे न बघता सरळ आमच्या मोरीत गेले आणि डोक्यावरून गार पाणी घेऊन कुडकुडत बाहेर आले. मी माझा टॉवेल दिला. अंग पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते म्हणाले, "ओलसर आहे तुमचा टॉवेल."

मग त्यांनी मला आणि हिला खाली बसवून सांगितलं की हे मामींना कळता कामा नये. कारण काय, तर ती आंघोळ. जवळचं माणूस गेल्याचं कानावर आलं की आहे त्या लुगड्यानिशी उठायचं आणि डोक्यावरून गार पाणी ओतून घ्यायचं, हा मामींच्या माहेरचा दंडक. उशिरा कळलं तरी तो चुकत नाही, आणि त्या आंघोळीला चुलीवर तापवलेलं पाणी चालत नाही. मागे त्यांचा चुलतभाऊ गेला तेव्हा भर पावसात त्यांनी तशी आंघोळ केली, ओल्या अंगानं मोरीत बसून रडत राहिल्या, आणि पुढे न्यूमोनिया होऊन दवाखान्यात मरता मरता वाचल्या. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर छाती सोसणार नाही. "आणि ही तर ताई," मामा म्हणाले. "ती बादलीवर बादली ओतून घेईल." मी म्हटलं, मामा, कोमट पाण्यानं कर म्हणून समजवा. ते म्हणाले, "तीस वर्षं समजावतोय." आमच्या पनवेलच्या थंडीला थंडी म्हणायचं म्हणजे थट्टाच, पण त्या सकाळी मलाही ती बोचायला लागली.

त्याच आठवड्यात मामांनी वेल्डरला पुन्हा बोलावलं. गाडीत पाण्याची एक टाकी होती, मोरीच्या वर. इंजिनातून येणारी ती नळी मामांनी आता टाकीच्या पोटातून फिरवून मग पाइपाला नेली. म्हणजे गाडी धावली की टाकीतलं पाणी आपोआप कोमट. चूल नाही, शेगडी नाही, कुणी तापवलेलं नाही. टाकीचं पाणी ते टाकीचं पाणी. दंडक मोडायचा नाही आणि मामींची छातीही वाचायची, अशी ती योजना. गाडी चालवायची, पाणी कोमट होऊ द्यायचं, टॉवेल तापू द्यायचा, कोरडं लुगडं तयार ठेवायचं, आणि मग सांगायचं. मला हसावं की रडावं कळेना. पण टाकी गळायला लागली. ती दुरुस्त झाली तर नळी फुटली. दर वेळी मामी विचारत, "कधी निघायचं?" आणि मामा म्हणत, "थोडंसंच राहिलंय." याआधी हे वाक्य खरं होतं. आता ते ऐकलं की मी खाली बघायचो.

आणि मामी विणत होत्या! पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली आणि लोकर संपली. मामा उठले, मला बरोबर घेतलं आणि पनवेलच्या बाजारात दुकानामागून दुकान फिरून तोच शेवाळी रंग शोधला. दुकानदार म्हणाला, थोडा उन्नीस-बीस चालेल ना? मामा म्हणाले, "नाही. तिला कळतं." मी रस्त्यात त्यांना म्हटलं, मामा, हे बरं नाही. त्यांनी लोकरीची पिशवी काखेत घट्ट धरली आणि चालायला लागले. घरी आल्यावर मामींनी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी कशाला आणलीत?" तर मामा म्हणाले, "उंच आहेत ना ताई." मी जिना उतरून खाली आलो.

शेवटी टाकी गळायची थांबली. मामांनी दुपारच्या उन्हाची वेळ धरली आणि "चल, एक फेरी मारून येऊ, बघ तरी कशी चालते," म्हणून मामींना गाडीत बसवलं. मी आणि ही बरोबर होतोच. मामी नव्या लुगड्यात, खिडकीशी, विणकाम मांडीवर. इतक्या दिवसांनी बाहेर पडल्या होत्या, रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाचं कौतुक चाललं होतं. कोनच्या पुढे एका चिंचेखाली मामांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. मागे जाऊन टॉवेलला हात लावला. टाकीच्या नळाखाली हात धरला. पुन्हा टॉवेलला हात लावला. मामी म्हणाल्या, "झालं की सगळं! आता गळ्याची पट्टी तेवढी राहिली, ती वाटेत विणीन. उद्याच निघू या." मामा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता प्रस्तावना करतील, धीर देतील. मामा म्हणाले, "टॉवेल तापलाय. पाणी कोमट आहे. ताई गेल्या."

मामींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. हिनं रडायला सुरुवात केली तेव्हा त्यांना खरं वाटलं.

"कधी?"

"भोगीला."

मामी मांडीवरच्या स्वेटरकडे बघत राहिल्या. "मग ही लोकर?" त्या म्हणाल्या. "ही लोकर तुम्ही नंतर आणलीत?"

मामी उठल्या, मोरीत गेल्या आणि दार लावून घेतलं. पाणी पडल्याचा आवाज आला. मामा धावत पुढे गेले आणि वाकून हातानंच ॲक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन असं काही ओरडायला लागलं की चिंचेवरचे कावळे उडाले. मी म्हटलं, "मामा, सोडा तो आता!" ते म्हणाले, "सोडला की पाइप थंड होतो." मी त्यांचा हात बाजूला केला आणि किल्ली फिरवली. एकदम शांत झालं, आणि तेव्हा आम्हाला ऐकू आलं की आत मामी हंबरडा फोडून रडत होत्या. इंजिनाच्या आवाजात ते आत्तापर्यंत कुणाला कळलंच नव्हतं. मामा जिथे होते तिथेच पायरीवर खाली बसले.

मामी बाहेर आल्या त्या कोरड्या लुगड्यात, केसांना टॉवेल गुंडाळून. मामा उठून उभे राहिले आणि, देवा रे, त्या माणसानं विचारलं, "गरम होता ना?"

"होता," मामी म्हणाल्या. मग त्या पलंगावर बसल्या. "मला तेराव्याला तरी जाता आलं असतं हो."

"तुझी छाती..."

"छाती माझी होती ना?" मामी म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता तत्त्व येणार, पण ते आलं नाही. येताना सबंध रस्ताभर ते गाडी इतकी हळू चालवत होते की मागून सायकलवाले पुढे जात होते.

मामींना खोकला झाला नाही. एक ठसकासुद्धा नाही. पुढे ते दोघं त्या गाडीतून बेळगावला जाऊनही आले. स्वेटर ताईंच्या सुनेला दिला म्हणे, तिला तो लांबच झाला. नंतर गाडी कुठे गेली नाही. मामांनी ती एका भाजीवाल्याला विकली. पण मामींचा एक विश्वास जो उडाला तो उडालाच. मामांनी घरात येऊन सांगावं की अमक्याची तब्येत सुधारतेय, की मामी जिना उतरून आमच्या दारात. "जावईबापू, खरं सांगा. आहे ना तो?" दूधवाला दोन दिवस आला नाही तरी तेच. मामांना हे माहीत होतं. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, उलट ते पुरावे आणू लागले. एकदा उरणचा आत्येभाऊ आजारातून उठला, तर मामा त्याला मोरा बंदराच्या धक्क्याजवळच्या घरातून उचलून, रिक्षात घालून, धापा टाकत दोन जिने चढवून वर घेऊन आले. मामींसमोर त्याला उभा केला आणि म्हणाले, "बघ. आहे." तो बिचारा चहासुद्धा न पिता खुर्चीतच झोपला. आम्ही त्यावर पुढे कितीतरी दिवस हसलो. मामी हसल्या, आणि त्यांच्याकडे बघून मामाही, म्हणजे त्यांना जमेल तेवढे, हसले.

मग काही वर्षांनी एका सकाळी मामांच्याच छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना रिक्षात बसल्याबसल्या ते मामींना म्हणाले, "किरकोळ आहे, तू येऊ नकोस, संध्याकाळी येतोच." मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी जातो बरोबर, कळवतो. दुपारी मी एकटाच परत आलो. हिला खाली सांगितलं आणि जिना चढायला लागलो. इतकी वर्षं तो जिना चढून मी बातम्या पोचवल्या होत्या, पण त्या दिवशी कठड्याला धरून चढलो. मामींनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी "मामी," एवढंच म्हटलं, तर त्यांनी हात वर केला.

"थांबा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आधी पाणी तापत ठेवते. मग सांगा."

त्यांनी मोठं पातेलं भरलं, गॅस पेटवला, पातेलं वर ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं. पाणी तापायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं ओट्यापाशी उभे होतो.